साडेतीन फुटांची रेघ : नागपूरच्या पुरातलं एक घर आणि त्यानंतरची तयारी

पुराचं पाणी ओसरलं की भिंतीवर मातकट रेघ उरते. विम्याच्या नुकसानीची पाहणी करणारा माणूस घरात शिरला की आधी त्या रेघेला टेप लावतो, मग बाकीच्या गोष्टी बघतो. माझं काम तेच. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरानंतर नागपुरातल्या बऱ्याच घरांत जावं लागलं. त्यातलं एकच घर इथे मांडतो. त्या घराचा दावा निकाली निघाल्यावरही माझं जाणं-येणं राहिलं आणि घरच्यांनी पुढे जी तयारी केली ती मला जवळून पाहता आली. आपत्कालीन पिशवीच्या तयार याद्या पुष्कळ फिरतात. त्यांतल्या निम्म्या गोष्टी नागपूरकराच्या उपयोगाच्या नाहीत, आणि ज्या आहेत त्या बहुतेकांच्या घरात आधीच असतात. या घरातही होत्या.

घर डागा लेआउट आणि कॉर्पोरेशन कॉलनीच्या पट्ट्यातलं. नेमकी गल्ली सांगत नाही, घरच्यांची तशी अट आहे. खाली जुनं बांधकाम, वर नंतर चढवलेला मजला, त्यात दोन भाडेकरू मुलं. वरचा जिना घराबाहेरून. खाली निवृत्त काका, काकू आणि काकांची आई. आजी ऐंशीला टेकलेल्या, मांडीचं हाड मोडल्यापासून अंथरुणावर, त्यात साखर, दिवसातून दोनदा इन्सुलिन.

मुलगा पुण्याला असतो. त्या आठवड्यात सून आणि नऊ वर्षांचा नातू आलेले होते, कारण घरी महालक्ष्म्या. २१ ला बसल्या, २२ ला शुक्रवारी जेवण झालं. सोळा भाज्या, आंबील, पुरण असा सगळा थाट. वर्ध्याहून आलेली काकूंची बहीण आणि तिचे यजमान मुक्कामाला थांबले. एरवी तीन माणसांच्या घरात त्या रात्री सात जण होते आणि त्यांतले तिघे हॉलमध्ये जमिनीवर गाद्या घालून झोपलेले. तयारीच्या कुठल्याही यादीत पाहुण्यांचा रकाना मी पाहिलेला नाही. आपल्याकडे पूर यायचा तो पावसाळ्यात, आणि पावसाळ्याच्या शेवटी गणपती-महालक्ष्म्या. घर भरलेलं असण्याचाच संभव जास्त.

रात्र

पाऊस दोनच्या सुमारास खरा लागला. चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पडला. अंबाझरी तलाव हा एकोणिसाव्या शतकातला मातीचा बांध. तो ओसंडला आणि सगळं पाणी नाग नदीत आलं. नदीला शहरात दोन्ही बाजूंनी घरं आणि भिंती. सांडव्यासमोरच्या स्मारकामुळे प्रवाह अडला की नाही, हा वाद पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला. त्यात मी शिरत नाही. पाणी का आलं याचा विचार नंतर करता येतो. खालच्या खोलीत झोपलेल्या माणसाच्या हातात तेव्हा फक्त काही मिनिटं असतात.

पहिली जाग मावशींना, म्हणजे काकूंच्या बहिणीला आली. गादी ओली लागली. त्यांनी काकूंना हाक मारली, "ताई, पाणी सांडलं का गं कोणी?" पाणी दारातून आलंच नव्हतं. न्हाणीच्या जाळीतून उलटं वर येत होतं. बहुतेक घरांत असंच होतं, गटार भरलं की आधी घरातलीच जाळी बोलते. रात्री न्हाणीतून बुडबुड्यांचा आवाज आला तर बाहेर डोकावण्याआधी माणसं उठवावीत.

पुढची दहा मिनिटं मी घरच्यांकडून दोनदा-तीनदा विचारून लिहून घेतली, कारण सगळं प्रकरण त्या दहा मिनिटांत आहे. काकू आणि मावशींनी महालक्ष्म्यांचे मुखवटे उचलून माळ्यावर ठेवले. याला मी हसत नाही. तीन पिढ्यांचे मुखवटे आहेत, आणि त्या घरात त्यांचा मान आधीचा. काका गाडी काढायला बाहेर पडले. गाडी निम्मी पाण्यात होती. किल्ली फिरवली, एक खडखडाट झाला आणि बंद. सून मुलाला कडेवर घेऊन उभी. आजींच्या खोलीत कोणी नाही.

मग लाईट गेली, पण घरात उजेड तसाच राहिला, कारण इन्व्हर्टर चालू झाला. त्याने सगळ्यांना उगाच धीर आला. इन्व्हर्टर आणि बॅटरी ट्रॉलीवर, फरशीपासून जेमतेम वीतभर. बाहेरचा पुरवठा बंद पडला तरी इन्व्हर्टर घरातल्या बोर्डांना वीज देत राहतो. खालचे सॉकेट पाण्यात जायला लागलेले. मावशींचे यजमान वर्ध्यात पिठाची गिरणी चालवतात, विजेशी रोजचा संबंध. ते ओरडले, "अहो, मेन बंद करा आधी! इन्व्हर्टरबी बंद करा!" काकांनी दोन्ही बंद केले. त्या घरात त्या रात्री घेतलेला सगळ्यात शहाणा निर्णय हाच, आणि तो पाहुण्याचा होता.

अंधार झाल्यावर टॉर्चची आठवण झाली. टॉर्च स्वयंपाकघराच्या खालच्या खणात, सेल गळून आत हिरवट पूड झालेली. मेणबत्त्या त्याच खणात, भिजलेल्या. सुनेच्या मोबाइलचा उजेड होता, चार्जिंग दहा-बारा टक्के.

आजींना न्यायला वरची दोन्ही मुलं खाली आली म्हणून निभावलं. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवून, ओढणीने कमरेला बांधून, गुडघ्याच्या वर चढलेल्या वाहत्या पाण्यातून बाहेरच्या जिन्यापर्यंत. आजी म्हणत होत्या, "पोराला न्या आधी. मी कुठं पळून जाऊन राह्यली?" त्या पुरात शहरात जी माणसं दगावली त्यांत अंथरुणाला खिळलेली एक महिला होती. हे या घरातल्यांना दुसऱ्या दिवशी पेपरातून कळलं आणि काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

वर पोचेस्तोवर साडेचार. शहरात त्या पहाटे बरंच चाललं होतं. शंकरनगरच्या मूकबधिर विद्यालयातली मुलं बाहेर काढली जात होती, मोरभवनचं बसस्थानक पाण्यात होतं, एनडीआरएफ, एसडीआरएफ आणि लष्कराच्या तुकड्या कामाला लागल्या होत्या. या गल्लीत बोट आली तेव्हा चांगलं उजाडलं होतं. तोवर नऊ माणसं दोन खोल्यांत. प्यायला मुलांचा वीस लिटरचा जार, खायला बिस्किटं आणि मॅगी. इन्सुलिन खाली फ्रिजच्या दारात, आणि फ्रिज आडवा होऊन तरंगत होता. आजींचा सकाळचा डोस चुकला. दुपारी ओळखीच्या डॉक्टरांकडून कुपी मिळाली तेव्हा साखर चारशेच्या पुढे होती.

रेघेखाली काय होतं

मी पाहणीला गेलो तेव्हा रेघ साडेतीन फुटांवर भरली. दाव्यासाठी वस्तूंची यादी करता करता सहज दुसरी यादीही मनात तयार झाली, त्या रात्री कामी आल्या असत्या अशा वस्तूंची. टॉर्च, मेणबत्त्या, काडेपेटी, पॉवर बँक, औषधांचा डबा, ग्लुकोमीटर, दोरी, पाण्याचे दोन कॅन, घराचे कागद, पासबुकं, आजींची फाइल. एकूण एक घरात होतं आणि एकूण एक रेघेखाली. कागद तर गोदरेजच्या कपाटातल्या सगळ्यात खालच्या खणात, कुलपात. रेघेच्या वर होतं कॅलेंडर, घड्याळ, पूर्वजांचे फोटो. आणि माळ्यावर? पितळी हंडे, लग्नातली सूटकेस, जुन्या रजया.

आपण जड आणि निरुपयोगी वस्तू वर टाकतो, रोजच्या आणि मोलाच्या हाताशी ठेवतो. हाताशी म्हणजे कमरेच्या आसपास किंवा खाली. पुराला नेमकं तेच आधी सापडतं. म्हणून मी त्यांना खरेदीची यादी दिलीच नाही. म्हटलं, आधी माळा रिकामा करा.

सुनेने मात्र तोवर ऑनलाइन एक तयार किट मागवलं होतं. त्यात होकायंत्र, चकमक, मासे धरायचे गळ, दोरीचं कडं. काकांनी गळ उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "नाग नदीत मासे धरायचे का आता?" त्या किटमधली फक्त शिटी उपयोगाची निघाली. अंधारात, पाण्याच्या आवाजात माणसाचा गळा लवकर बसतो. शिटी बसत नाही. नातवाच्या दप्तराला अजून ती बांधलेली आहे.

काय जमवलं

सगळ्यात जास्त वेळ इन्व्हर्टरने खाल्ला. दीडशे अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी पन्नास-साठ किलोची, आत आम्ल. तिला भिंतीच्या फळीवर ठेवायची म्हणजे दुसरं संकट. शेवटी जिन्याखाली विटांचा चार फुटी ओटा बांधून घेतला, वर लोखंडी अँगल, बाजूला हवा खेळायला जागा. त्याच वेळी इलेक्ट्रिशियनकडून खालचे सॉकेट वर सरकवून घेतले आणि मेनच्या शेजारी इन्व्हर्टरचा वेगळा स्विच बसवला, लाल रंगाचा. तो कुठला हे आता घरातल्या नातवालाही माहीत आहे. माझ्या मते सगळ्या तयारीत पैसे खर्चावेत असं एवढंच काम. बाकीचं सगळं, दोन चांगले टॉर्च धरून, तीन हजारांच्या आत बसलं.

टॉर्चमध्ये एक डोक्याला बांधायचा घेतला. आजींना उचलताना दोन्ही हात लागतात, हे त्या रात्री कळलंच होतं. सेल टॉर्चमध्ये घालून ठेवत नाहीत, शेजारी चिकटवून ठेवतात, म्हणजे गळून टॉर्च बाद होत नाही. टॉर्च दोन्ही खोल्यांत दाराच्या चौकटीवर, खिळ्याला.

इन्सुलिनसाठी डॉक्टरांना विचारून असं ठरलं : वापरात असलेली कुपी तीस अंशांखाली साधारण चार आठवडे टिकते, त्यामुळे सप्टेंबरमध्ये काही तास फ्रिजबाहेर राहिली तर बिघडत नाही. शिल्लक कुपी फ्रिजच्या वरच्या फळीवर (बर्फाच्या कप्प्यात नव्हे) आणि तिची एक जोडी वरच्या भाडेकरूंच्या फ्रिजमध्ये. सिरिंज, ग्लुकोमीटर, पट्ट्या, साखरेची पुडी आणि आजींच्या औषधांची चिठ्ठी एका झिपच्या पाउचमध्ये. साखर यासाठी की गडबडीत डोस दिला आणि जेवण राहिलं तर उलटं संकट येतं, रक्तातली साखर फार उतरते.

आजींना उचलण्याची तालीमही झाली. प्लॅस्टिकची खुर्ची ओली झाली की वाकते आणि घसरते, म्हणून जाड सतरंजीला चार कोपऱ्यांवर कापडी पट्टे शिवून घेतले. शिवले काकूंनी. उचलायला तिघं लागतात, चौघं असले तर बरं. आजींनी तालमीत तक्रार केली की त्यांना मढ्यासारखं नेऊन राह्यले, तेव्हा डोक्याखाली उशी ठेवायचं ठरलं.

पिशवी एकच, जुनी शाळेची, पाठीवर घ्यायची. तिच्यात कागदांच्या झेरॉक्स, थोडी रोकड सुट्ट्या नोटांत, पॉवर बँक, केबल, साधा बटणाचा मोबाइल, ओआरएस, पट्टी, जंतुनाशक, क्लोरीनच्या गोळ्या, आजींचे डायपर, दोन बाटल्या पाणी. खाण्याचं मी विशेष काही सांगितलं नाही. फुटाणे, शेंगदाणे, गूळ, मुरमुरे हे नागपूरच्या घरात असतंच, ते घट्ट झाकणाच्या डब्यात माळ्यावर गेलं. सत्तू काकूंनी स्वतःहून घातला.

पाण्याचं गणित त्यांना आधी पटेना. प्यायला आणि जुजबी स्वयंपाकाला माणशी रोज तीन लिटर धरलं तर पाच माणसांना तीन दिवसांसाठी पंचेचाळीस लिटर, म्हणजे पंचेचाळीस किलो. ते पाठीवर कोण घेणार? पण गच्चीवरच्या टाकीत हजार लिटर पाणी असतं आणि ते पुराच्या वर असतं. जमिनीखालची टाकी मात्र घाण पाण्याने भरते, तिचं पाणी मोटरने वर चढवलं की वरचंही गेलं. म्हणून पहिलं काम मोटर बंद ठेवणं, दुसरं गच्चीवरचं पाणी उकळून किंवा गोळी टाकून पिणं. किती लिटरला किती गोळी हे पाकिटावर लिहिलेलं असतं. आरओ विजेशिवाय चालत नाही, हे सांगितल्यावर काकांना त्याचा फार राग आला.

फोन नंबर मोबाइलमध्ये असून भागत नाही. ११२, अग्निशमनचा १०१, रुग्णवाहिकेचा १०८, जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, डॉक्टर, वर्ध्याची मावशी, पुण्याचा मुलगा, सगळं मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून, प्लॅस्टिकमध्ये घालून पाच फुटांवर चिकटवलं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं 'सचेत' हे अ‍ॅप सुनेने सगळ्यांच्या मोबाइलवर टाकून दिलं.

पाणी ओसरल्यावर

हा माझ्या धंद्याचा भाग, आणि तयारीच्या याद्यांत तो कधीच नसतो. घरच्यांनी चिखल काढण्याच्या घाईत सगळं धुऊन टाकलं, सोफे आणि गाद्या रस्त्यावर नेऊन ठेवल्या आणि कचरागाडीने त्या उचलल्या. मी गेलो तेव्हा दाखवायला रेघ आणि आठवण. सरकारी मदतीसाठी पंचनामा असो की विम्याचा दावा, आधी फोटो हवेत : रेघेला टेप लावून, प्रत्येक खोली, प्रत्येक उपकरणाची मागची पट्टी, तिच्यावरचा अनुक्रमांक. त्या पुरात शासनाने बाधित घरांना दहा हजारांची मदत जाहीर केली. तिच्यासाठीही पंचनाम्यात नाव यावं लागतं. झाडू त्यानंतर.

गाडीचं सांगायलाच नको. पाण्यात उभी गाडी बंद राहिली तर बहुतेक वेळा वाचते. किल्ली फिरवली की इंजिनात पाणी ओढलं जातं, पाणी दाबलं जात नाही, आतले दांडे वाकतात. सर्वसमावेशक पॉलिसी असली तरी हे नुकसान साधारणपणे तिच्यात धरत नाहीत, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. काकांना ते माझ्याच तोंडून ऐकावं लागलं. चहा आला होता, तो तसाच थंड झाला.

चिखल काढताना गमबूट आणि हातमोजे, पायाला जखम असेल तर चिखलात उतरायचंच नाही. उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा तापाचा आजार होतो. नंतर ताप आला तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात उतरल्याचं मुद्दाम सांगावं. न्हाणीत धामण निघाली होती, सर्पमित्र घेऊन गेला. साप चावला असता तर मेडिकल किंवा मेयो ही सरकारी रुग्णालयं गाठणं, बाकी कापाकापी-बांधाबांधी काही नाही.

पिशवी पहिल्यांदा उघडली ती मे महिन्यात

पुरासाठी केलेली तयारी कामी आली उन्हाळ्यात. २०२४ च्या मेमध्ये गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळाला आणि दिवसभर वीज नव्हती. नागपूरचा मे म्हणजे पंचेचाळीसच्या आसपास. २३ मे २०१३ ला ४७.९ अंश नोंदलं गेलं आहे. (त्याच २०२४ च्या मेअखेर एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि गावभर मेसेज फिरले. नंतर हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. काका अजून ५६ च सांगतात.) इन्व्हर्टर चार-पाच तासांत बसला. फ्रिज त्यावर नव्हताच. अशा उन्हात इन्सुलिन खोलीत ठेवून चालत नाही, तेव्हा काकूंनी एका मडक्यात दुसरं लहान मडकं ठेवून मधे ओली वाळू भरली आणि कुपी आत, वर ओलं फडकं. कोरड्या हवेत ही युक्ती चांगली चालते, म्हणजे नागपूरच्या मेमध्ये चालते, पावसाळ्यात नाही.

पॉवर बँक मात्र रिकामी निघाली. सप्टेंबरनंतर कोणी चार्जच केली नव्हती. काकूंनी मग नियमच करून टाकला : दर संकष्टीला पिशवी उघडायची, पॉवर बँक लावायची, औषधांच्या तारखा बघायच्या, शेंगदाणे खवट झाले का ते चाखायचं. चंद्रोदयापर्यंत नाही तरी वेळ असतोच, असं त्यांचं म्हणणं. मोबाइलमधल्या आठवणीच्या घंटेपेक्षा हे पक्कं आहे, कारण घंटा बंद करता येते.

२० जुलै २०२४ ला पुन्हा मुसळधार कोसळला, शाळांना सुट्टी द्यावी लागली. या वेळी फाटकाच्या खांबावर रंगाने केलेली खूण होती : रस्त्यावरचं पाणी तिथे टेकलं की आजी वर. पाणी टेकलं. सतरंजी, उशी, चौघं, इन्सुलिनचं पाउच, मेन आणि लाल स्विच बंद, गॅसचा रेग्युलेटर बंद, हंड्यांच्या रिकाम्या जागेत ठेवलेले कागद तिथेच. गाडी काकांनी आदल्या रात्रीच चढावरच्या गल्लीत लावून ठेवली होती.

पाणी घरात आलंच नाही. पायरीला लागून दुपारी उतरलं. काका वैतागले, उगाच नाचवलं म्हणाले, कंबर धरली म्हणाले. त्यांची कंबर खरंच धरली होती. पण फाटकावरची खूण वर सरकवायची का, असं सुनेने पुण्याहून फोनवर विचारलं तेव्हा तेच म्हणाले, राहू दे आहे तिथंच.

सध्याची अडचण वेगळी आहे. वरची मुलं नोकरी लागून गेली, नवं जोडपं आलं. सगळी योजना वरच्या दारावर उभी, आणि हे दोघं सुट्ट्यांत गावी जातात. भाडेकरारात ओळ घातली आहे की पावसाळ्यात एक किल्ली घरमालकाकडे राहील. त्यांनी ती आनंदाने दिली. ती कुठे ठेवायची यावर मात्र अजून एकमत नाही. काका म्हणतात देवघरात. सून म्हणते, बाबा, देवघर दोन फुटांवर आहे.